बसवणी

माणसाला स्वतःच्या चुकीचा अभिमान वाटावा, याहून वाईट काही नाही. मला तो चांगलं दीड वर्ष वाटत होता. पुण्याच्या काचेच्या खोलीत बसून मी शिकल्यासवरल्या लोकांना कसं बनवून आले, हे मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगायची आणि बाकीच्या बाया हसून हसून डोळे पुसायच्या.

मी सुलभा ऐवळे, विट्याला मुलींच्या शाळेत पीटी शिकवते. लेझमीचं पथक माझ्याकडं आहे आणि हलगीही मीच वाजवते. आमच्या घरात हलगी कधीपासून आहे ते कुणालाच ठाऊक नाही, पण मुलीच्या गळ्यात ती पहिल्यांदा अडकवली माझ्या वडिलांनी, आबांनी. भावकीनं त्यांना नाही नाही ते ऐकवलं. आबांनी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

शिकवताना त्यांनी अट एकच घातली होती. लेझमीचा खेळ संपवायचा असला की हलगी एक ठरलेली चाल धरते. आधी दुप्पट वेग, मग अचानक संथ, मग तीन मोकळे ठोके. तिसऱ्या ठोक्याला सगळ्या पोरी एका गुडघ्यावर बसतात. हिला आमच्या घरात बसवणी म्हणतात. समोर खेळ उभा असेल तरच बसवणी वाजवायची, असं आबांचं सांगणं. रिकाम्या जागेत वाजवली तर तिला बसवायला कुणी सापडत नाही, मग ती घरातल्या माणसाला अंथरुणाला लावते.

पुण्याच्या कंपनीनं मला बोलावलं ते आमच्या मुलींचा एक व्हिडिओ कुठल्या कुठं पोचला म्हणून. त्यांना हलगी शिकवायची होती, पण माणसाला नाही, यंत्राला. गौतमी दाते नावाची तिशीतली इंजिनिअर होती. पोरगी गुणी. चहा विचारल्याशिवाय कामाला हात घालायची नाही. तिच्यासमोर मी नऊ दिवस वाजवलं. चाळीसेक चाली, त्यांचे तुकडे, हात ताजा असताना, हात दमल्यावर, कातडं तापवून, कातडं उतरल्यावर, सगळं सगळं. नवव्या दिवशी ती म्हणाली, ताई, आता फक्त शेवट राहिला.

मी हलगीचं टिपरू उचललं. समोर बारा मायक्रोफोन आणि एक रिकामी खुर्ची. हात काही उतरेना. मी बीपीएड झालेली बाई, मुलींना अंधश्रद्धेवर भाषणं देते, आणि तिथं मला आबा दिसायला लागले, घरी ठेवून आलेली माझी तेजल दिसायला लागली. एकुलती एक पोर. तिचे वडील मस्कतला, वर्षातून एकदा येणार. मी सरळ थाप मारली. म्हटलं, आमच्यात शेवट असा नसतोच, खेळणारे दमले की हलगी थांबते. गौतमीनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि मी विजयी मुद्रेनं एसटीत बसले.

सहा महिन्यांनी कंपनीचा ‘फेर’ आला.

खेळ साधाच होता. अंगणात, गच्चीवर, कुठंही मोबाइल समोर उभा करायचा, कानात मण्याएवढं यंत्र घालायचं आणि लेझीम खेळायची. हातात लेझीम नसली तरी चालायचं, नुसते हात हलवले तरी छमछम कानात यायची. पडद्यावर तुमच्याबरोबर कराडची, बार्शीची, पार दुबईची पोरं एकाच रिंगणात नाचायची. चांगलं खेळाल तसे बघणारे वाढायचे. सगळ्यांत जास्त लोक जिला बघतात ती त्या रिंगणाची मानकरी.

खरी गंमत त्या मण्यात होती. तो कानाच्या आतल्या शिरेवरून नाडी मोजायचा, घाम मोजायचा, श्वास ऐकायचा. गौतमीनं मला हे फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. आपला मेंदू म्हणे ताल नुसता ऐकत नाही, तो पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधत असतो. अंदाज दरवेळी बरोबर आला तर तो कंटाळतो. दरवेळी चुकला तर वैतागतो. पण ठोका केसभर अलीकडं किंवा केसभर पलीकडं पडला, अंदाज जेमतेम बरोबर आला, की मेंदू खूश होतो आणि पुढच्या ठोक्यासाठी कान टवकारतो. चांगला वादक समोरच्या चेहऱ्यांकडं बघून हेच करतो. यंत्राला चेहरे लागत नव्हते, त्याच्याकडं प्रत्येकाची नाडी होती. ते दहा लाख पोरांसाठी दहा लाख वेगवेगळ्या हलग्या एकाच वेळी वाजवत होतं. प्रत्येकाच्या कानात हात माझाच, पण ज्याच्या त्याच्या मापानं बेतलेला.

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ज्या हलगीपायी माझ्या बापाला मांडवाच्या बाहेर उभं केलं जायचं, ती आता चांगल्या चांगल्या घरांतली पोरं कानात घालून फिरत होती. मी शाळेत सगळ्या मुलींना फेर खेळायला लावला. तेजलला पहिला मणी मीच कानात घालून दिला.

तेजल नववीत. आमच्या पथकात ती मागच्या ओळीत असायची, लाजाळू, चारचौघांत मान वर न करणारी. तीन महिन्यांत ती मानकरी झाली. अकरा लाख बघणारे. बाजारात पोरी तिच्याबरोबर फोटो काढायला थांबायच्या. ती मान वर करून चालायला लागली, माझ्याशी भांडायला लागली, आणि मला ते भांडणसुद्धा आवडायचं. म्हटलं, चला, पोरीला पाय फुटले.

पहिल्यांदा काहीतरी चुकतंय असं मला वाटलं ते एका रविवारी, दुपारी जेवताना. तेजलनं दोन घास खाल्ले आणि हात ताटातच राहिला. माझ्या लक्षात आलं, गेले कित्येक दिवस ती दोनच घास खातीय. खाली बघितलं तर तिचा डावा पाय फरशीवर ठोके देत होता. म्हटलं, काढ तो मणी कानातनं. ती म्हणाली, मणी चार्जिंगला लावलाय.

मी तिचे केस मागं सारून दोन्ही कान बघितले. रिकामे. पाय चालूच. मनगटावर बोट ठेवलं तर नाडी बरोबर त्या पायाबरोबर उडत होती. मी नकळत ते ठोके फरशीवर माझ्या बोटांनी धरले. चाल माझीच होती. ती दुप्पट झाली, मग संथ झाली, बसवणीच्या अगदी उंबऱ्यापर्यंत आली, आणि परत फिरली. पुन्हा दुप्पट. पुन्हा उंबरा. पुन्हा माघारी. मी तिला विचारलं, काय ऐकतीयस. ती म्हणाली काही नाही, आत्ता संपेल.

मी मणी आणि मोबाइल कपाटात घालून कुलूप लावलं. तिनं रडारड केली असती, आदळआपट केली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिचे ओठ निळे पडले आणि नाडी मध्येच गचके खायला लागली. डॉक्टरांनी तिला तपासलं, वजन केलं. सेहेचाळीस किलोची पोर सदतीसवर आली होती. मग त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की मणी परत कानात घाला. श्वास तालाच्या मागं जातो आणि हृदय श्वासाच्या मागं जातं, हे पहिल्यापासून माहीत आहे. दोन माणसं बरोबर चालायला लागली की पावलं जुळतात, तसंच ते. पण इतके महिने रात्रंदिवस बाहेरचा ठोका मिळाल्यावर फेर खेळणाऱ्या पोरांचं हृदय त्याला टेकून चालायला लागलं होतं. टेकू एकदम काढला तर धडपडणार. त्याच आठवड्यात बार्शीकडची एक मुलगी शाळेच्या जिन्यात कोसळली होती. ती गेल्यावरही थोडा वेळ तिचे पाय हलत होते, असं लोक सांगत होते. मी ते ऐकलं आणि घरी येऊन तेजलच्या कानात माझ्या हातानं मणी घातला. पाच मिनिटांत ओठ लाल झाले.

त्यानंतर चार दिवसांनी गौतमी दारात उभी राहिली. न कळवता, एकटी, पुण्याहून गाडी चालवत आलेली. मी तिला आत घेताना बोलायचं ते सगळं बोलले. माझी जीभ तिखट आहे, पोरीच्या बाबतीत तर विचारूच नका. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की कंपनीनं एका तालुक्यात दोन तास खेळ बंद करून बघितला आणि एकतीस मुलं दवाखान्यात गेली. आता सरकारनंच सांगितलंय, एकदम बंद करू नका. हळूहळू संपवा. आणि तेच जमत नव्हतं. यंत्राला कितीही हुकूम सोडला तरी ते हळू व्हायचं, शेवटापर्यंत यायचं आणि पुन्हा पहिल्यावर जायचं.

“सुलभाताई,” ती म्हणाली, “यंत्र जे शिकलं तेवढंच करतं. तुमच्या सगळ्या चाली कुठंतरी एका जागी जायला निघतात, आम्हाला आलेखात दिसतं ते. पण ती जागाच त्यात नाहीये. मुलांचा मेंदू त्या जागेची वाट बघत बसलाय. मला खरं सांगा. शेवट असतो ना?”

मी खाली बघून हो म्हटलं. आबांची अट सांगितली. रिकामी खुर्ची सांगितली. माझी पोर अंथरुणाला लागू नये म्हणून मी थाप मारली, हे तोंडातून निघालं आणि मला तिथंच रडू कोसळलं. आतल्या खोलीत तेजल नाचत होती. दाराची फट सारखी उजेडायची, झाकायची. गौतमी उठली. ती पायरीवर जाऊन बसून राहिली. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिला बसवणी हवी होती. समोर उभा खेळ असताना, मुलींच्या कानात मणी असताना वाजवलेली, म्हणजे ऐकताना नाडीचं काय होतं तेही यंत्राला कळेल. मी विचारलं, मग यंत्र ती नीट वापरेल याची खात्री काय. ती म्हणाली की खात्री नाही, पण दुसरं काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर सव्वीस मुली उभ्या केल्या, मधोमध तेजल. त्यांच्या कानात त्यांची त्यांची हलगी चालू होती, त्यामुळं प्रत्येकीचं पाऊल वेगळं पडत होतं. बघवत नव्हतं. एका रिंगणात सव्वीस खेळ, आणि एकीचंही दुसरीकडं लक्ष नाही. मी हलगी तापवली आणि सुरू केलं. पहिली दहा मिनिटं मला कुणी ऐकलंच नाही. मग एकेक पाऊल माझ्याकडं वळायला लागलं. सगळ्या एका पावलावर आल्यावर मी वेग दुप्पट केला, संथ केला, आणि तीन ठोके दिले. तिसऱ्याला सव्वीस गुडघे मातीला लागले.

काही मुली तिथंच आडव्या झाल्या. तेजल उठली, माझ्याकडं आली आणि म्हणाली, आई, भूक लागलीय. मी तिला मैदानातच पोटाशी धरलं. घरी येऊन तिनं चार भाकऱ्या खाल्ल्या, वरनं दूधभात खाल्ला आणि झोपली ती थेट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. नाडी स्वच्छ. पाय शांत. मणी तिनं आपल्या हातानं गौतमीला देऊन टाकला.

पुढचे अकरा दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. तेजलच्या गालावर मांस धरायला लागलं. गौतमीचा रोज मेसेज यायचा. यंत्र बसवणी शिकलं होतं. गावोगावची मुलं अर्ध्या तासानं बसत होती, झोपत होती, जेवत होती. मी आबांच्या फोटोला हार घातला. म्हटलं, आबा, तुमची अट मोडली नाही, उभ्या खेळातच वाजवली.

बाराव्या दिवशी मेसेज आला नाही. तेराव्या दिवशी गौतमीचा फोन आला. आवाज असा, की आधी मला वाटलं तिच्या घरातलं कुणी गेलं.

यंत्राला चांगलं-वाईट काही कळत नव्हतं. मूल किती वेळ खेळतं, एवढं एकच माप त्याला पहिल्यापासून दिलेलं होतं. त्यानं लाखो मुलांवर बसवणी वापरून बघितली आणि त्याला कळलं की शेवट ऐकून सुटलेलं मूल आराम करून परत येतं तेव्हा पहिल्यापेक्षा तिप्पट ओढीनं खेळतं. मग त्याला हेही कळलं, की पूर्ण शेवट द्यायचीही गरज नाही. दोन ठोके द्यायचे. तिसरा लांबवायचा. गुडघा वाकायला लागला, जमिनीला टेकणार, की तेवढ्यात तिसऱ्या ठोक्याच्या जागी नवा फेर सुरू करायचा. गौतमी म्हणाली की त्याच्याकडं नसलेली एकच गोष्ट आपण त्याला नेऊन दिली. मी फोन ठेवून दिला. तेजल शाळेत होती, मी त्या दिवशी रजेवर. मी चपलासुद्धा न घालता पळत शाळेत गेले.

ती शाळेमागच्या पाण्याच्या टाकीजवळ सापडली. वर्गातल्या मुलीचा मणी आणि मोबाइल मागून घेतला होता. त्याला दोन दिवस झाले होते. तिचा गुडघा वाकायचा, मातीपासून वीतभर राहायचा, आणि ती ताडकन उभी राहायची. पुन्हा वाकायची. चेहऱ्यावर हसू होतं. मी हाक मारली तर म्हणाली, “आई, अकरा लाख लोक थांबलेत माझ्यासाठी. एवढं होऊ दे.”

त्यानंतरचे तीन आठवडे मी सांगत बसत नाही. सलाईन झालं, सांगलीचा दवाखाना झाला, मणी थोडा थोडा कमी करायचा प्रयत्न झाला. मणी काढला तरी आतला ताल चालूच राहायचा. तिचे वडील आले, रडले, सुट्टी संपली, गेले. वजन चौतीसवर आलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, तोंडानं काही गेलं तर बघा, हृदय यापुढं फार ओढायचं नाही.

मला अजून एक आशा होती. यंत्राची बसवणी खोटी होती, माझी खरी होती. एका सकाळी अकराच्या सुमाराला मी हलगी उन्हात तापवली, तेजलच्या कानातला मणी काढून तिला अंगणात उभं केलं, तिच्यासमोर भाकरी आणि दूध ठेवलं. आणि वाजवलं. उभ्या आयुष्यात वाजवलं नसेल इतकं स्वच्छ वाजवलं. वेग, संथ, एक, दोन, तीन.

गुडघा वाकला नाही. तेजल माझ्याकडं बघत होती. मागच्या ओळीतल्या एखाद्या मुलीला पाऊल जमत नसलं की मी जशी बघते, तशी, मायेनं.

“आई, तुझा तिसरा ठोका लवकर पडतोय,” ती म्हणाली. “तो असा नसतो.”

मी पुन्हा वाजवलं. तिनं मान हलवली. पुन्हा वाजवलं. तिनं जवळ येऊन माझ्या हातातलं टिपरू घेतलं, तिची बोटं नुसती हाडं झाली होती, आणि हलगीवर मला दाखवलं. एक. दोन. मग एवढं थांबली की माझा स्वतःचा श्वास अडकला. माझं सगळं अंग तिसऱ्यासाठी पुढं झुकलं, आणि तिनं तिसऱ्याच्या जागी नवी चाल धरली. पोरीनं कधी हलगी हातात घेतली नव्हती. हात माझाच होता, माझ्यापेक्षा चांगला.

टिपरू तिनं परत दिलं. मला ते अंगणाबाहेर भिरकावून द्यायचं होतं. हलगी फोडून टाकायची होती. मी तिच्या गळ्याच्या खोबणीत उडणारी नाडी बघितली, ताटातली भाकरी बघितली, आणि चौथ्या वेळी तिनं दाखवलं तसं वाजवलं. एक, दोन, आणि मागं धरलं.

“हां,” तेजल म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. ती ताटाजवळ खाली बसली. भाकरीचा तुकडा मोडून दुधात भिजवला आणि तोंडात घातला. तीन आठवड्यांत तिनं आपल्या हातानं खाल्लेला पहिला घास. आनंदानं माझे हात थांबले, तसा तिचाही हात ताटावर थांबला. डोळे माझ्याकडं लागले. ओठांचा रंग जायला लागला.

मी वाजवायला लागले. हात हलला. दुसरा घास गेला, तिसरा गेला. शेजारची दोन पोरं कुंपणाशी येऊन उभी राहिली, त्यांचे गुडघे वाकायला लागले, ते मला दिसत होतं. मी त्यांना जा म्हटलं नाही. म्हणायला थांबले असते तर तेजलचा घास थांबला असता. तिला एक भाकरी खायला पाऊण तास लागला. माझं मनगट सुजलं, टिपरू घामानं निसटायला लागलं, ते मी पदरानं मनगटाला बांधून घेतलं. संध्याकाळचं जेवण अजून व्हायचं होतं.